पंचावन्न अंशांची मर्यादा

अकोल्याच्या शिवणी भागातील औद्योगिक वसाहतीत जिनिंगच्या आणि डाळगिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करून देणारे जे लहान कारखाने आहेत, त्यांपैकी कित्येकांत आता जुन्या लेथच्या शेजारी सीएनसी लेथ उभा असतो. आणि तो ज्या दिवशी बंद पडतो त्या दिवशी मालकाच्या प्रथमच ध्यानात येते की, ज्यासाठी आपण बँकेचे कर्ज काढले त्या एवढ्या अवजड लोखंडाचा सारा कारभार पाठीमागच्या कपाटातील हातभर उंचीच्या एका पेटीच्या स्वाधीन आहे. ही पेटी म्हणजे सर्व्हो ॲम्प्लिफायर, कारागिरांचा ‘ड्राइव्ह’. ट्रान्सफॉर्मरने 200 व्होल्टच्या आसपास उतरवलेला थ्री-फेज पुरवठा येथे प्रथम एकदिश होतो, सुमारे 300 व्होल्टच्या दाबाने कॅपॅसिटरांत साठतो, आणि मग आयजीबीटी नावाचे अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करून मोटरला जेवढा हवा तेवढाच प्रवाह पुरवतात. मोटरच्या मागच्या टोकाला बसवलेला एन्कोडर आपली स्थिती क्षणोक्षणी कळवीत असतो. हुकूम आणि अंमल यांत पडलेले अंतर सतत मिटवीत राहणे हे वरच्या कंट्रोल कार्डाचे काम, आणि प्रत्यक्ष भार वाहणे हे खालच्या पॉवर कार्डाचे.

ऐन मे महिन्यात अशाच एका कारखान्यात, अमरावतीहून आलेल्या एका अनुभवी दुरुस्तीकाराचे काम जवळ बसून पाहण्याचा योग मला आला. एक्स अक्षावर अतिप्रवाहाचा अलार्म येऊन लेथ थांबला होता. मालकांनी पॉवर कार्ड आधीच मागवून ठेवले होते आणि ते ताबडतोब बसवावे अशी त्यांची घाई होती; ती रास्तही होती, कारण हाती घेतलेल्या कामाची मुदत टळत चालली होती. दुरुस्तीकारांनी मात्र ते पाकीट उघडलेसुद्धा नाही. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातले, कपाटाचे दार उघडले आणि ते स्वस्थ बसून राहिले. ड्राइव्हवरचा तांबडा चार्ज दिवा हळूहळू मंदावून गेला, तसा मदतनीस मुलाने हात पुढे केला. “थांब ना बाप्पा,” ते म्हणाले, “दिवा इझला म्हून व्होल्टेज गेलं असं नसते. मीटर काय म्हन्ते ते पाह्य आधी.” मीटरवर अजून काही व्होल्ट शिल्लक होते, ते शून्याजवळ येईपर्यंत कोणी कशालाही स्पर्श केला नाही.

मग मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून त्यांनी डीसी बसच्या दोन्ही टोकांपासून मोटरच्या यू, व्ही आणि डब्ल्यू या तिन्ही टोकांपर्यंत एकेक जोडी तपासली. यू आणि व्ही यांनी एका दिशेने 0.35 च्या आसपास आकडा दाखवला आणि उलट दिशेने काहीच दाखवले नाही. निरोगी अर्धवाहकाचे हेच लक्षण. डब्ल्यू मात्र दोन्ही दिशांनी शून्य. आयजीबीटीचे मोड्यूल जळाले होते, याची खातरजमा झाली. येथवर पाहून कोणीही नवे कार्ड बसवले असते आणि पहिल्याच स्टार्टला तेही जाळून टाकले असते. कारण कार्ड हे बहुधा रोगाचे स्थान असते, रोगाचे कारण क्वचितच असते.

मोटरची केबल ड्राइव्हपासून पूर्णपणे सोडवून (ती जोडलेली ठेवून मेगर लावला तर मेगरचे 500 व्होल्ट ड्राइव्हलाच बाधतात) त्यांनी वाइंडिंग आणि अर्थ यांच्यातील इन्सुलेशन मोजले. अशा मोटरला 100 मेगाओहमच्या वर असणे शोभते, 1 च्या खाली गेली तर ती चालवण्यास अपात्र. काटा 1 च्या खालीच घुटमळत होता. मोटरपाशी जाऊन त्यांनी पॉवर कनेक्टर उघडला, तर आतून पांढरट कूलंट ठिबकले. कनेक्टर सुटताच एकट्या मोटरचे माप 100 च्या वर गेले, म्हणजे वाइंडिंग शाबूत होते. केबलवरून ओघळणारे कूलंट झिजलेल्या रबरी सीलमधून आत शिरत होते, एवढाच काय तो गुन्हा.

परंतु तपास तेवढ्यावर संपला नाही. ड्राइव्ह बाहेर काढल्यावर हीटसिंकच्या पात्यांमध्ये तेलाच्या वाफेने चिकटलेल्या कापसाच्या तंतूंचा नमद्यासारखा जाड थर निघाला, आणि त्यामागचा पंखा जाम झालेला. जिनिंगचा हंगाम संपून बरेच दिवस झाले तरी त्याची रुई कपाटाच्या फिल्टरमध्ये तशीच होती. अशा उपकरणांच्या पुस्तिकांत कपाटातील हवेची कमाल मर्यादा 55 अंश सेल्सिअस सांगितलेली असते, आणि कपाट बाहेरच्या हवेपेक्षा 10 अंशांहून अधिक तापू नये अशी अपेक्षा असते. ज्या मुलुखात मे महिन्यात पारा 45 पर्यंत जातो, तेथे या दोन आकड्यांची बेरीज केली म्हणजे हाती शिल्लक काहीच राहत नाही. इतरत्र केवळ हयगय म्हणून क्षम्य ठरणारा चोंदलेला फिल्टर वऱ्हाडात कार्डाचा बळी घेतो.

यानंतर प्रत्यक्ष अदलाबदल. प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून क्रमांक लिहिला, मोबाइलवर छायाचित्रे घेतली. एन्कोडरची स्थिती राखणारी बॅटरी ड्राइव्हमध्येच असल्याने तो काढताच यंत्र आपले शून्यस्थान विसरणार होते. म्हणून पडद्यावरचे आकडे वहीत उतरवून घेतले होते आणि स्लाइडवर बारीक खूण केली होती. मेच्या कोरड्या हवेत अंगावर स्थितिक विद्युत चटकन साचते, यास्तव मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधूनच नवे कार्ड पाकिटातून काढले. जुनी थर्मल पेस्ट खरवडून, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, नव्या पेस्टचा इतका पातळ थर दिला की खालचा धातू त्यातून जवळजवळ दिसावा. जाड थर उष्णता नेण्याऐवजी अडवतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळले. नवा पंखा, नवा कनेक्टर, आणि मोटरपाशी केबलला खाली झोळ, म्हणजे कूलंट कनेक्टरकडे न ओघळता झोळातूनच गळून पडावे. सायंकाळी डायल गेज लावून शून्य पुन्हा ठरवले, चाचणीचा एक जॉब कापला आणि मायक्रोमीटरने व्यास मोजून ऑफसेटमध्ये किंचित फेरफार केला.

बिलात कार्डाची किंमत ठळकपणे मांडली गेली. निदानात गेलेल्या वेळेला त्यात रकाना नव्हता. हा शिरस्ता मला अन्यायाचा वाटतो. कार्ड पैसे देऊन कुठूनही मागवता येते. ते केव्हा बसवू नये हे जाणणारा माणूस आपल्या जिल्ह्यात असणे, ही कारखानदारीची खरी मिळकत आहे.

जळालेले कार्ड त्यांनी जपून अमरावतीला नेले. तेथील त्यांच्या टेबलावर ते पुढे मी पाहिले तेव्हा मोड्यूल उतरवून झाले होते, आणि एका फुगलेल्या कॅपॅसिटरखाली गळलेल्या द्रावाने तांब्याची रेघ हिरवी पडून खाल्ली गेली होती. ती रेघ बारीक तारेने सांधून, 85 अंशांच्या कॅपॅसिटरांच्या जागी 105 अंशांचे बसवण्याचे काम चालू होते. दर 10 अंश वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते, हा ठोकताळा येथे कोणाला पुस्तकातून शिकावा लागत नाही. मृग लागला की तक्रारींचे स्वरूप पालटते: तीच रुई ओल धरते आणि कार्डावरच्या दोन रेघांमध्ये नको तो प्रवाह वाहू लागतो. म्हणून पहिल्या पावसापूर्वी कपाट आतून साफ करून दाराची रबरी पट्टी बदलून घ्यावी, असे ते प्रत्येक गिऱ्हाइकाच्या जॉबकार्डावर स्वहस्ते लिहून देतात.