पहिला नंबर का दिला, तेही सांगा

गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर गुलाल आणि दावं घट्ट धरून शेजारी उभा असलेला मालक. जत्रांचा हंगाम सुरू झाला की जिल्ह्याच्या पानावर हा फोटो हमखास येतो. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाला सुरुवात होते, पौषात नळदुर्गजवळच्या मैलारपूरला गर्दी लोटते, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरी. मधल्या काळात कुठे ना कुठे पशुप्रदर्शन भरतं, निकाल लागतात आणि बातम्या येतात. फोटोखाली बोकडाचं वजन असतं, त्याला आलेली मागणी असते, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांची नावं तर असतातच. तो पहिला कशामुळे आला, एवढं मात्र कुठेच नसतं. बातमीदाराला दोष देण्यात अर्थ नाही. रिंगणातच ते कुणी सांगितलेलं नसतं.

निकालानंतरची कुजबुज मात्र सगळ्यांनी ऐकलेली असते. परीक्षक कुणाच्या गावचे, कुणाच्या गोठ्यावर त्यांचं येणं-जाणं, पाहुणे कुणाच्या बाजूला बसले होते. धाराशिवसारख्या जिल्ह्यात हे टळणारं नाही. तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी, उदगीरच्या किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले एखादे प्राध्यापक आणि एक जाणकार शेतकरी असं मंडळ साधारण बसतं. जो डॉक्टर वर्षभर त्याच शेळ्यांना लसी टोचतो, त्याच्याकडून मालकांची नावं विसरण्याची अपेक्षा कशी करायची? ओळख असणं हा दोष नव्हे. ओळखीच्या माणसाने दिलेला निकालही लोक मानतात, पण त्याचं कारण त्यांना पटावं लागतं.

इथे प्रश्न उस्मानाबादी शेळीचा आहे, म्हणून तो जास्त गंभीर आहे. आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाणारी ही जात. तुळजापूर, लातूर, उदगीर हा तिचा मूळ टापू. मांसाला चांगली, जुळी देण्यात पुढे, आणि बाभळीच्या शेंगांवर, बोरीच्या पाल्यावर उन्हाळा काढणारी. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात १ कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू सोडून काही नाही, तिथे दवाखान्याचा खर्च आणि शाळेची फी एखादं करडू विकूनच भागते. अशा जनावराच्या प्रदर्शनात पहिला नंबर कशाला मिळतो, यावर पुढच्या वर्षी गावोगाव कुठला बोकड वापरला जाणार हे ठरतं. एका बोकडामागे पंचवीस-तीस शेळ्या असा साधारण हिशेब असतो. बक्षीस मिळालेल्या बोकडाकडे शेळ्या भरवायला लांबून लोक येतात. म्हणजे परीक्षकाची एखादी आवड दोन-तीन वर्षांत शेकडो करडांच्या अंगावर उतरते.

जाणता परीक्षक काय पाहतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी तो तोंड उघडतो. पुढचे दोन कायमचे दात आले असतील तर जनावर साधारण सव्वा वर्षाचं, चार असतील तर दोनेक वर्षांचं. दुधाच्या दातांचे आदत आणि चार दाती एकाच रांगेत उभे केले तर तिथेच अन्याय झाला, म्हणून गट पाडायचे ते दातांवर. मग जबडा एकावर एक नीट बसतो का, ते. बरगड्या संपतात तिथे कमरेवर पंजा ठेवून बोटांनी मणके चाचपायचे. हाड टोचत असेल तर जनावर खंगलेलं, बोटाला लागतच नसेल तर चरबी चढलेली. प्रदर्शनासाठी खुराक चारून गुबगुबीत केलेला बोकड लोकांना आवडतो, पण तो माजावरच्या शेळीमागे धावेल का, याची शंका असते. अंडकोष सारखे आहेत का, खूर वाढलेत का, चालताना मागचे पाय एकमेकांना घासतात का. शेळी असेल तर कासेचे दोन्ही भाग, सड आणि त्यांची ठेवण. धार न काढता कास तटतटून ठेवलेली शेळी आणायची वाईट खोड काहींना असते. त्यावर दूध स्पर्धांनी उपाय शोधलेला आहे. तिथे आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर जनावर पिळून रिकामं करतात आणि त्यानंतरचं दूध मोजतात. शेळ्यांच्या रिंगणात तेवढंच करायला काय हरकत आहे?

आता रंगाकडे येऊ. रिंगणात ठार काळ्या जनावरांची चलती असते. काळाभोर, कानावर पांढरे ठिपके, की बघणारे खूश. पण या जातीच्या अधिकृत वर्णनात सुमारे ७३ टक्के जनावरं काळी आणि उरलेली पांढरी, तपकिरी किंवा ठिपक्यांची असं स्पष्ट दिलेलं आहे. तपकिरी अंगाची, तीन वेतांत सहा करडं जगवलेली शेळी केवळ रंगापायी मागच्या रांगेत जात असेल, तर तो निकाल जातीच्या विरुद्ध आहे. वजनाचंही तसंच. पूर्ण वाढलेला उस्मानाबादी बोकड सरासरी ३४ किलोचा, शेळी ३२ ची. सरासरीहून मोठी जनावरं असतातच आणि चांगली जोपासना केली तर असावीतही. पण वजनाचं कौतुक वाढत गेलं की जमुनापारी, बोअर, सिरोही यांचं रक्त गुपचूप आत येतं. नाकाची कमान फुगलेली, कान गळ्याखाली लोंबणारे, आणि गटाच्या पाटीवर मात्र ‘शुद्ध उस्मानाबादी’. परीक्षकाने ते ओळखून तिथल्या तिथे सांगायला हवं. संकरित जनावरांचा वेगळा गट ठेवा, त्यांचंही कौतुक करा. फक्त दोघांना एका दाव्याला बांधू नका.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यासमोर एक मोटारगाडी आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी, पेबल बीच नावाच्या ठिकाणी, गोल्फच्या हिरवळीवर १९५० पासून जुन्या मोटारींची स्पर्धा भरते. या क्षेत्रात तिचा शब्द अखेरचा मानतात. कित्येक वर्षं तिथे नव्यासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांनीच बक्षिसं नेली. मालकांनी कोट्यवधी रुपये ओतून प्रत्येक खिळा नवा केलेला, रंग असा की कारखान्यातून निघतानाही नसेल. हळूहळू जाणकारांच्या लक्षात आलं की या हव्यासात गाड्यांचा खरा इतिहास खरवडून टाकला जातोय. म्हणून या शतकाच्या सुरुवातीला न दुरुस्त केलेल्या, जशाच्या तशा जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा गट सुरू झाला. तरीही सर्वोत्कृष्ट गाडीचा मान चकाकणाऱ्यांकडेच राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र तिथे इतिहास घडला. १९३४ ची बुगाटी टाइप ५९ पहिली आली. त्याच वर्षी बेल्जियमची ग्रां प्री जिंकलेली ही शर्यतीची गाडी पुढे बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली, त्यांच्या काळात ती काळी झाली आणि तिच्यावर पिवळा पट्टा आला. तो जुना, विटलेला, ओरखडे पडलेला रंग आजही तिच्या अंगावर आहे. जशीच्या तशी जपलेली गाडी सर्वांत वरचा मान मिळवते, हे त्या स्पर्धेत पहिल्यांदाच घडलं.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. परीक्षकांनी आपली नजर बदलली आणि ती बदलल्याचं जगाला दाखवून दिलं. आता जगभरचे मालक जुना रंग खरवडण्याआधी दहा वेळा विचार करतील. आपल्याकडे मुंबईत २००८ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर अशा तऱ्हेची पहिली मोठी स्पर्धा झाली. त्यानंतर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. मूळपण जपण्याला किंमत आहे, हे सरकारलाही मान्य झालं. मोटारीच्या बाबतीत मान्य झालेलं तत्त्व शेळीच्या बाबतीत आपण का नाकारतो? बुगाटी कुणी पुन्हा बनवणार नाही हे खरं, पण दुष्काळ सोसणारी जात एकदा बिघडली तर तीही पुन्हा बनवता येत नाही.

गुण द्यायचे कसे, याचाही वाद मोटारवाल्यांनी भरपूर घातलाय. एक पद्धत तक्त्याची. शंभर गुण, प्रत्येक अवयवाला वाटून दिलेले, चुकीला कपात. दुसरी फ्रेंच म्हणून ओळखली जाणारी. तिच्यात तक्ता नाही, जाणकारांनी बघायचं, आपसांत बोलायचं आणि ठरवायचं. तक्त्यात पक्षपात लपवणं अवघड जातं, पण कधी कधी बेरीज भलत्याच जनावराला पुढे नेते. नजरेच्या पद्धतीत उमदं जनावर हातचं सुटत नाही, मात्र नजर कुणाची, हा प्रश्न राहतो. तालुक्याच्या प्रदर्शनाला माझं मत तक्त्याच्या बाजूने आहे, एका अटीवर. तिघांनी वेगवेगळे गुण द्यायचे, एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही, आणि निकालानंतर तक्ते मांडवाच्या खांबाला लावायचे.

पाश्चात्त्य देशांतल्या ग्रामीण मुलांच्या प्रदर्शनांत आणखी एक पद्धत आहे. तिला डॅनिश पद्धत म्हणतात. तिथे जनावरांची एकमेकांशी तुलनाच करत नाहीत. जातीच्या मानकाशी प्रत्येकाची तुलना होते आणि त्याप्रमाणे निळी, लाल किंवा पांढरी फीत मिळते. दहापैकी सहा जनावरं उत्तम असतील तर सहाही निळ्या फितीची. नवख्या मालकासाठी, पहिल्यांदाच शेळी घेऊन आलेल्या पोरासाठी हे फार चांगलं. रिकाम्या हाताने, चेहरा पाडून टेम्पोत बसायची वेळ त्याच्यावर येत नाही, आणि आपली शेळी कितपत आहे हे कळतं. नंबर हवेत तर निळ्या फितीवाल्यांतून काढावेत.

पण तक्ता असो की फीत, मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो माईक. अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या पशुप्रदर्शनांत रांग लावून झाली की परीक्षक माईक हातात घेतो आणि सगळ्यांसमोर कारणं देतो. पहिल्याला दुसऱ्याच्या वर का ठेवलं, दुसऱ्यात कुठली गोष्ट पहिल्याहून सरस आहे, तिसऱ्याचं कुठे कमी पडलं. शाळकरी मुलांना असं कारण देण्याचं रीतसर शिक्षण मिळतं आणि त्यांच्या स्पर्धाही होतात. ‘पाठ सरळ आहे, पण मागचे पाय आत वळलेत, पुढच्या वेळी खूर वेळेवर कापा’ एवढं वाक्य मिळालं तरी हरलेला मालक काहीतरी घेऊन घरी जातो. त्याच्या मागे उभे असलेले पाचशे लोक शेळी बघायला शिकतात. प्रदर्शनाची खरी मौज तिथे आहे. न समजणारा खेळ किती वेळ बघणार? आपल्याकडे माईक असतो, पण तो सत्कारमूर्तींच्या ताब्यात. पाहुण्यांची पुढची सभा गाठायची म्हणून निकाल घाईने उरकायचे, हा प्रकार थांबला तरी निम्मं काम होईल. पाहुण्यांनी बक्षीस संध्याकाळी द्यावं. रिंगण दुपारभर परीक्षकाचं राहू द्यावं.

बघ्यांनाही कामाला लावता येतं. १९०६ मध्ये इंग्लंडात प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं कापल्यावर किती वजन भरेल, हे ओळखायची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने ७८७ चिठ्ठ्या मिळवून पाहिल्या. कसाई, शेतकरी, हौशे-नवशे, सगळ्यांच्या अंदाजांचा मधला आकडा निघाला १२०७ पौंड, आणि प्रत्यक्ष वजन भरलं ११९८. चूक एक टक्क्याहूनही कमी. आपल्या प्रदर्शनात असा खेळ ठेवायला एक वजनकाटा आणि चिठ्ठ्यांचा डबा पुरे. अंदाजाने चालायचं नसेल त्यांनी शिंप्याची टेप आणावी. छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. २८ इंच घेर, २७ इंच लांबी म्हणजे ३२ किलो. बाजारात डोळ्यांच्या अंदाजावर शेळी विकून फसणाऱ्या माणसाला हे गणित रिंगणात शिकायला मिळालं, तर तेच मोठं बक्षीस.

गटांमध्येही भर हवी. एकट्या बोकडाऐवजी बोकड आणि त्याची चार-पाच करडं असा गट ठेवला तर त्याची खरी पारख होते. शेळी तिच्या याच वेताच्या करडांसह आणली तर तिची. दोन वर्षांत तीन वेतं देऊन करडं जगवलेली शेळी ही या जिल्ह्याची खरी पहिली आहे, आणि तिला हार घालताना काटा किती दाखवतो हे बघायची गरज नाही.

अशा शेळीची माहिती विचारायची तर विचारायची कुणाला? आपल्याकडे शेळ्या सांभाळतात त्या बहुतेक बायका. चारायला नेणं, रात्री उठून वेत सोडवणं, अशक्त करडाला बोटाने दूध पाजणं, सगळं त्यांच्याकडे. भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या शेळ्या तर कागदोपत्रीही त्यांच्याच. रिंगणात मात्र दावं पुरुषाच्या हातात आणि प्रमाणपत्रावर नावही त्याचंच. शेळी किती वेतांची, मागच्या खेपेला किती झाली, उन्हाळ्यात काय खाऊन राहिली, हे परीक्षकाने विचारलं की उत्तर देणारी बाई मांडवाच्या कडेला उभी असते. तिला आत बोलवायला हवं. नोंदणी अर्जात मालकाच्या नावाखाली ‘सांभाळणाऱ्याचे नाव’ असा रकाना घालावा, परीक्षकाने प्रश्न तिलाच विचारावेत आणि प्रमाणपत्रावर तेच नाव यावं. चैत्राच्या यात्रांचे अर्ज छापायला जातील, त्याआधी हे करून घेता येईल.