भरत आलेली शीट

२८ जुलै २०२५ ला अर्धं नागपूर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं. जॉर्जियातल्या बातुमी शहरात बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती. एका बाजूला आपली दिव्या देशमुख, वय १९, दुसऱ्या बाजूला कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते, टायब्रेकमधला पहिला डावही तसाच सुटला. दुसऱ्या डावात काळी मोहरी घेऊन दिव्या जिंकली आणि आईच्या गळ्यात पडून रडली. त्या एका विजयाने तिला विश्वचषक मिळाला, शिवाय थेट ग्रँडमास्टर किताबही. भारताची ती ८८ वी ग्रँडमास्टर.

माझ्या डोळ्यांसमोरून मात्र हम्पीचं घड्याळ हलेना. पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली, जागतिक जलद स्पर्धा दोनदा जिंकलेली खेळाडू, आणि शेवटी सेकंदांनी तिची कोंडी केली. बुद्धिबळात माणूस पटावर हरतो असं मी समजत होतो. घड्याळासमोरही हरतो, हे त्या दिवशी पाहिलं. शेवटची ती मिनिटं जवळून बघायची असं तेव्हाच ठरवलं. हिवाळ्यात नागपुरात एक खुली रेटिंग स्पर्धा भरली. तिच्या शेवटच्या दोन फेऱ्यांना, रविवारी सकाळी, मी जाऊन बसलो.

हॉलबाहेर थंडी होती आणि तर्री-पोह्यांचा वास. आई-वडील कोवळ्या उन्हात उभे. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात मुलाचा स्वेटर. भिंतीवर आठव्या फेरीच्या जोड्या चिकटवल्या होत्या आणि त्या कागदासमोर गर्दी. ज्याचे जितके गुण, त्याची गाठ साधारण तितक्याच गुणांच्या माणसाशी. स्विस पद्धत ती हीच. त्यामुळे शेवटाकडे येईल तसा प्रत्येक पट अवघड होत जातो. पहिल्या फेरीत मोठ्या खेळाडूला सोपी जोड मिळते, शेवटच्या फेरीत सोपं कुणालाच काही मिळत नाही.

आतली व्यवस्था दोन वाक्यांत सांगता येते. मोबाइल बाहेर जमा करायचे, पटावर बसायचं, हात मिळवायचा, काळ्या मोहऱ्यांवाल्याने घड्याळ सुरू करायचं. प्रत्येकाला ९० मिनिटं, आणि प्रत्येक चालीला वर ३० सेकंद.

या ३० सेकंदांबद्दल मला पहिल्यांदा सांगितलं ते एका पंच मॅडमनी. मूळच्या यवतमाळकडच्या, आठवडाभर शाळेत गणित शिकवतात, शनिवार-रविवारी पंचगिरी. साधी सुती साडी, पायांत आवाज न करणाऱ्या चपला. त्या चपला मुद्दाम घेतल्या आहेत हे मला दुपारी कळलं. त्यांच्याकडे चोवीस पट होते.

"शेवटच्या फेरीत तुम्ही काय बघता?" मी विचारलं.

"हात," त्या म्हणाल्या. "डाव तर तुम्ही बघून राहिले ना. मी हात बघते. ज्या हातानं मोहरा हलवला त्याच हातानं घड्याळ दाबायचं. मोहऱ्याला हात लागला की तोच खेळायचा. आणि लिहिणारा हात थांबला का, तेही बघावं लागते."

लिहिणारा हात ही त्यातली खरी गोष्ट. चालीला ३० सेकंद मिळत असतील तर प्रत्येक चाल शेवटपर्यंत लिहावीच लागते. घड्याळात नऊ सेकंद उरले तरी सुटका नाही. म्हणजे त्या ३० सेकंदांत विचार करायचा, खेळायचं, घड्याळ दाबायचं आणि कागदावर नोंदही करायची. बाहेरून बघणाऱ्याला ३० सेकंद भरपूर वाटतात. पटासमोर बसलेल्याला त्यातले वीसच मिळतात.

सकाळची फेरी उरकली. दुपारी नववी, शेवटची. वरच्या दोन पटांवर वीस चालींच्या आत बरोबरी झाली, हात मिळाले, राजे पटाच्या मध्यावर ठेवले गेले, एक पांढऱ्या घरात आणि एक काळ्या. बक्षिसाचं गणित जमलेलं होतं. मला ते रुचलं नाही. इतक्या लांबून आलेली माणसं, आणि शेवटच्या दिवशी लढतच नाहीत! मॅडमनी शांतपणे सांगितलं, "आठ फेऱ्या लढून आले ते. त्यांचं त्यांना ठरवू द्या." तरीही मला ते पटलेलं नाही. शेवटची फेरी लढायलाच असते.

लढत बघायला मिळाली ती सतराव्या पटावर. पांढरी मोहरी एका मुलीकडे, बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, मनगटावर काळा दोरा. समोर साठीचे काका, चष्मा कपाळावर चढवलेला. हत्ती-प्याद्यांचा शेवट होता. दोघांकडे एकेक हत्ती, मुलीकडे एक प्यादं जास्त. बुद्धिबळात अशा शेवटाइतकं चिवट काही नाही. जिंकायला एका प्याद्याची शिदोरी, आणि ती घरी पोचवेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो.

मुलीची ९० मिनिटं कधीच संपली होती. ती ३० सेकंदांवर जगत होती. घड्याळ एकोणतीस, एकवीस, चौदा असं उतरायचं, ती खेळायची, दाबायची, आकडा पुन्हा वर चढायचा. मग पेन उचलून ती चाल लिहायची. अक्षर मात्र बिघडत नव्हतं. दहा सेकंदांत लिहिलेलं अक्षरही चौकोनात बसलेलं.

आणि मग ते घडलं, ज्यासाठी मी हा लेख लिहितो आहे. मॅडम मागून चालत आल्या. त्यांची नजर मुलीच्या शीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर गेली. एका शीटवर साठ चालींची जागा असते. मुलगी शेवटच्या ओळींशी आली होती. आता कागद संपला की तिने हात वर करायचा, पंचांनी येऊन नवा द्यायचा, आणि तेवढ्यात घड्याळ तिचंच चालणार. मॅडमनी काखेतल्या फोल्डरमधून एक कोरी शीट काढली, पटाच्या कडेला, तिच्या कोपराला लागणार नाही अशी ठेवली, तशीच एक काकांच्या बाजूलाही ठेवली आणि पुढे निघून गेल्या. मुलीकडे बघितलं नाही, काकांकडेही नाही. मुलीने दोन चालींनंतर आपली शीट ओढून घेतली, वर बघितलंही नाही.

पंचाला यापेक्षा जास्त काही करता येत नाही. वेळ संपत आली असं खेळाडूला सांगता येत नाही, चुकीची योजना दिसली तरी भुवई उंचावता येत नाही. एवढंच करता येतं, कागद वेळेवर ठेवणं.

काका शह देत सुटले. मुलीचा राजा या घरातून त्या घरात. एकदा, दोनदा. ती वाट शोधत होती, पण ३० सेकंदांत वाट सापडेना आणि राजा पुन्हा त्याच घरात आला. काकांनी दोन्ही घड्याळं थांबवली आणि हात वर केला. "मॅडम, तीनदा झाली. तीच स्थिती."

नियम असा आहे की तीच स्थिती, तोच खेळणारा, तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते. पण ती सिद्ध व्हावी लागते, शीटवरून. मॅडमनी दोन्ही शीट घेतल्या आणि बाजूच्या टेबलावर दुसऱ्या पटावर चाली मांडायला बसल्या. दोघंही शेजारी उभे. काकांच्या शीटमध्ये दोन चाली सुटल्या होत्या, खालच्या ओळी वाचता येत नव्हत्या. मागणी चुकीची ठरली असती तर मुलीला दोन मिनिटं वाढवून मिळाली असती, आणि दोन मिनिटांत ती जिंकलीही असती. मॅडमनी काकांची शीट बाजूला ठेवली आणि मुलीच्या शीटवरून एकेक चाल लावत गेल्या. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. स्थिती तीच होती.

बरोबरी. मुलीच्या सुवाच्य अक्षरानेच समोरच्याचं म्हणणं खरं ठरवलं. तिचे डोळे भरले. मॅडमनी पेन पुढे केलं आणि म्हणाल्या, "शीट फार छान लिहिली तू, बेटा. सही कर." तिने सही केली. काकांनीही केली, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

बाहेर निकालाची यादी लागली तेव्हा समान गुणांवर अर्धा डझन मंडळी होती, आणि कुणाचा क्रमांक वर हे बुखोल्झच्या आकड्यावर ठरलं, म्हणजे ज्यांच्याशी खेळलो त्यांनी किती गुण कमावले यावर. १९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांना विजेतेपद वाटून दिलं होतं. आता वाटणी होत नाही. अर्ध्या गुणाने आणि दुसऱ्यांच्या निकालांनी क्रमांक हलतो, म्हणूनच सतराव्या पटावरचा निकालही पहिल्या पटाइतकाच चोख लागतो.

नागपूरला रौनक साधवानीने २०१९ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवून दिला, संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये, आणि दिव्याने २०२५ मध्ये. हे तिघंही कधीतरी अशाच हॉलमध्ये, सतराव्या किंवा चाळिसाव्या पटावर बसलेले होते, आणि कुणीतरी आवाज न करणाऱ्या चपला घालून त्यांच्या मागून फिरत होतं. सत्कारात आपण खेळाडूंची नावं घेतो, घ्यायलाच हवीत. पण डाव खरा ठरवणाऱ्या या माणसांना दिवसाचं मानधन देताना आयोजकांचा हात आखडता असतो, हे मला बोचलं. चोवीस पट, पाच-सहा तास उभं राहणं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा शाळा.

पालकांनाही एक सांगणं आहे. मूल हॉलमधून बाहेर आलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "काय झालं?" शीटची मूळ प्रत आयोजकांकडे जाते, दुसरी प्रत मुलाकडे राहते. त्या प्रश्नाऐवजी म्हणा, "शीट दाखव." ती जपून ठेवा. ३० सेकंदांत मूल किती नीट वागलं, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं.