सामूहिक व्यायामवर्ग आणि स्त्रियांच्या शरीरातील मेद-स्नायूंचे प्रमाण

निवासी संकुलाचे सभागृह, सार्वजनिक उद्यान किंवा आयुष्मान आरोग्य मंदिर येथे चालणाऱ्या योग, झुंबा, एरोबिक्स अशा वर्गांत अनेक स्त्रिया उत्साहाने नाव नोंदवतात. सहा-आठ आठवड्यांनंतरही वजनकाटा पूर्वीचाच आकडा दाखवतो आणि वर्ग निष्फळ ठरला असे समजून कित्येकजणी तो सोडून देतात. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. वजनकाटा मेद, स्नायू, हाडे आणि पाणी यांत भेद करत नाही.

भारतीयांच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या संशोधकांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3 होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के होता. उदाहरण पुरुषांचे असले तरी स्त्रियांचे चित्र निराळे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 15 ते 49 वयोगटातील 24 टक्के स्त्रियांचा बॉडी मास इंडेक्स 25 किंवा त्याहून अधिक आढळला. कंबर-नितंब गुणोत्तर मात्र सुमारे 57 टक्के स्त्रियांचे धोक्याच्या पातळीवर होते. पोटाच्या पोकळीतील मेद मधुमेह व हृदयविकार यांना निमंत्रण देतो आणि रजोनिवृत्तीनंतर मेद नेमका तेथेच साठू लागतो.

नियमित व्यायामाने हा अंतर्गत मेद वजन फारसे न बदलताही कमी होऊ शकतो. त्याच वेळी स्नायू अधिक ग्लायकोजेन साठवू लागतात आणि त्यासोबत पाणीही धरून ठेवतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत काटा स्थिर राहतो, क्वचित थोडा वरही सरकतो.

सर्व वर्गांचा परिणाम सारखा नसतो. केवळ नृत्य किंवा उड्यांच्या वर्गाने हृदयाची क्षमता वाढते, परंतु स्नायूंना पुरेसे आव्हान मिळत नाही. अशा वर्गासोबत उपास करून वजन घटवल्यास मेदाबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुढे वजन परत आले की ते मुख्यतः मेदाच्या रूपाने येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेच्या हालचालीबरोबरच किमान दोन दिवस स्नायुबळाचा व्यायाम सुचवला आहे, तो याचसाठी. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड काढणे, रबरी पट्टा ओढणे किंवा पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली उचलणे पुरेसे आहे. शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. सोप्या वाटू लागल्या की भार वाढवावा. यामुळे शरीर पुरुषी दिसेल ही भीती निराधार आहे, कारण स्त्रियांतील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पुरुषांच्या तुलनेत अनेक पटींनी कमी असते.

गटाचा सर्वांत मोठा लाभ नियमितपणा हा आहे. शेजारीण दारावर हाक मारते तेव्हा खाडा पडत नाही. मात्र वर्गानंतर मिळून घेतलेला साखरेचा चहा आणि समोसा तासाभरात खर्च झालेल्या उष्मांकांचा मोठा भाग परत देतो, हेही ध्यानात असावे. प्रथिनांची गरज दररोज प्रतिकिलो वजनाला 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 50 ग्रॅम आहे. डाळी, दूध, दही, सोयाबीन, अंडी किंवा मासे प्रत्येक जेवणात असावेत.

प्रगती मोजण्यासाठी मोजपट्टी सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त आहे. सकाळी उपाशीपोटी उभे राहून, शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडल्यावर घेर मोजावा. महिन्यातून एकदा मोजणे पुरे. भारतीय स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. व्यायामशाळेतील मेद मोजणाऱ्या यंत्राचा आकडा शरीरातील पाण्यानुसार बदलतो. मासिक पाळीच्या सुमारास किंवा घाम गाळल्यावर लगेच घेतलेल्या नोंदीवर विसंबू नये.

वर्ग सोडण्याची दोन कारणे सहसा बोलली जात नाहीत. पहिले रक्तक्षय. देशातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत तो आढळतो. लवकर दम लागणाऱ्या स्त्रीला आळशी न ठरवता तिची हिमोग्लोबिन तपासणी करून घ्यावी. दुसरे, उडी मारताना लघवीचे थेंब गळणे. बाळंतपणानंतर हे अनेकींना होते आणि त्या संकोचाने घरी बसतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यावर उपयुक्त आहेत, तोवर उड्यांऐवजी जागच्या जागी पावले टाकावीत. प्रशिक्षकांनी हा पर्याय कोणाकडे बोट न दाखवता सर्वांनाच सांगावा.

गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या, तसेच हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या स्त्रियांनी वर्ग सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यायाम करताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा असामान्य धाप लागणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे. त्रास विसावल्यानंतर ओसरला तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. ओसरला नाही तर 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.