पैसे गेले, तिकीट आलें नाहीं!

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरीं एक प्रसंग घडला. प्रसंग लहानच, पण त्यानें घरांतील सुशिक्षित म्हणविणाऱ्या माणसांची अर्धा तास चांगलीच धांवपळ केली. आमच्या आत्याबाईंना पंचाहत्तरावें वर्ष लागलें. आजवर ज्यांनीं स्वतःसाठीं कधीं कांहीं मागितलें नाहीं, त्या आपण होऊन म्हणाल्या, "मला साडी नको, कीं कांहीं नको. एकदां सगळ्यांनीं मिळून संगीत नाटक पाहूं या. मात्र खुर्ची पुढची हवी हो. मागून मला ऐकूं येत नाहीं."

तिकिटांची विक्री रविवारीं सकाळीं दहा वाजतां इंटरनेटवर सुरू व्हावयाची होती. माजघरांत चिरंजीव, स्वयंपाकघरांत सूनबाई आणि गॅलरींत आमचे धाकटे बंधु, असे तिघेहि आपापला फोन घेऊन सज्ज झाले. दहाच्या ठोक्यास तिघांनींहि तिसऱ्या रांगेंतील त्याच सहा खुर्च्यांवर बोट ठेविलें. क्षणार्धांत सूनबाई ओरडल्या, "गेल्या! कोणीं तरी घेतल्या!" गॅलरींतूनहि तोच आक्रोश ऐकूं आला. तो 'कोणी तरी' माजघरांत बसला होता, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. बंधूंनीं घाईघाईनें चौदाव्या रांगेंतील सहा खुर्च्या विकत घेऊन टाकल्या. इकडे चिरंजीवांचे पैसे बँकेंतून वळते झाले, पण फोनवर नुसतें चक्र फिरत राहिलें. त्यानें पुन्हां बटण दाबलें. पुन्हां पैसे गेले. तिकीट मात्र आलें नाहीं.

आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "अरे, पूर्वीं खिडकीवरचा माणूस निदान 'थांबा' तरी म्हणत असे. तुमच्या ह्या खिडकींत माणूसच बसलेला नाहीं काय?"

त्यांच्या ह्या प्रश्नांतच सारें मर्म आहे. नाट्यगृहाच्या खिडकीवर पूर्वीं कागदाचा प्लॅन असे. बुकिंगवाल्यानें पेन्सिलीनें खूण केली कीं खुर्ची आपली झाली. पैसे देणें, तिकीट घेणें आणि खुर्ची ठरणें हीं तिन्ही कामें एकाच हातानें, एकाच वेळीं होत. आज खुर्ची राखून ठेवणारें यंत्र एकाचें, पैसे नेणारी पेढी दुसऱ्याची, पैसे देणारी बँक तिसरी, आणि तिकीट पोंचविणारा टपाली चौथा. ह्यांतील एकाचा निरोप दुसऱ्यास वेळेवर पोंचला नाहीं कीं आपला जीव टांगणीस लागतो. म्हणून ज्या घरांत अशीं तिकिटें काढलीं जातात, तेथें एवढें एक सूत्र सर्वांनीं पाठ करून ठेवावें: पैसे गेले म्हणजे तिकीट मिळालेंच असें नव्हे, आणि तिकीट दिसलें नाहीं म्हणजे पैसे बुडालेच असेंहि नव्हे. गाडें कोणत्या दारांत अडलें तें आधीं पाहावें. मग हात हालवावा.

पहिलें दार : रांग

मागणी मोठी असली म्हणजे संकेतस्थळ आपणांस प्रथम एका अदृश्य रांगेंत उभें करतें. ही रांग किती लांब असूं शकते ह्याचा अनुभव महाराष्ट्रानें घेतलेला आहे. २२ सप्टेंबर २०२४ रोजीं दुपारीं १२ वाजतां 'कोल्डप्ले' ह्या इंग्रज वाद्यवृंदाच्या नवी मुंबईंतील जलशांचीं तिकिटें विक्रीस निघालीं, तेव्हां एक कोटीहून अधिक लोक रांगेंत लागले होते. जानेवारी २०२५ मधील तिन्ही दिवस एकत्र धरले तरी डी. वाय. पाटील क्रीडागारांत मावणारे लोक दोन लाखांच्या आंतच. म्हणजे शंभरांतील फार तर एकदोघांचें काम व्हावयाचें! अमेरिकेंत तर १५ नोव्हेंबर २०२२ रोजीं टेलर स्विफ्ट ह्या गायिकेच्या दौऱ्याच्या वेळीं तिकीटमास्टर कंपनीच्या यंत्रणेवर एका दिवसांत ३५० कोटी मागण्या येऊन आदळल्या. पुढची सर्वांसाठींची विक्री कंपनीस रद्द करावी लागली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजीं तेथील सिनेटच्या समितीपुढें ह्या प्रकाराची सुनावणी झाली. तेव्हां अशा दिवशीं तिकीट न मिळणें हा आपल्या हाताचा दोष नव्हे, हें घरांतील तरुण मंडळींनीं मनाशीं धरावें.

तथापि आपल्या हातचें जेवढें आहे तेवढें चुकवूं नये. पुष्कळ ठिकाणीं विक्रीच्या वेळेपूर्वीं आलेल्या सर्वांना प्रतीक्षागृहांत बसवितात आणि वेळ होतांच चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें क्रम लावतात. तेथें तासभर आधीं जाऊन बसल्यानें लाभ नाहीं. पण पांच मिनिटें उशीर झाला तर मात्र शेवटीं जावें लागतें. आपलें नांव, परवलीचा शब्द व पत्ता आदल्या रात्रींच तपासून ठेवावा. रांगेंत असतां तें पान पुन्हां पुन्हां ताजें करूं नये. त्यानें आपला क्रम जाण्याचाच संभव अधिक. एकच खातें चार फोनांवर उघडून बसणेंहि धोक्याचें, कारण यंत्रास आपण मनुष्य नसून तिकिटें लुटणारें दुसरें यंत्रच आहों असा संशय येतो. असल्या यंत्रांचा सुळसुळाट इतका झाला कीं त्यांच्याविरुद्ध अमेरिकेंत २०१६ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला.

दुसरें दार : खुर्ची

एकत्र कुटुंबास हें दार विशेष घातक आहे, हें आम्हीं स्वानुभवानें सांगतों. एकानें खुर्ची निवडून तो पैसे देण्याच्या पानावर गेला कीं ती खुर्ची त्याच्या नांवें कांहीं मिनिटें राखून ठेविली जाते, आणि तेवढा वेळ इतर सर्वांस ती गेलेली दिसते. तीन खोल्यांतून तिघे एकाच खुर्चीवर हात टाकूं लागले कीं घरचेच घरच्यांचे शत्रु होतात! म्हणून खुर्च्या एकानेंच निवडाव्या. दुसऱ्यानें पर्यायी रांग किंवा दुसरा दिवस पाहावा. आणि पहिल्याचें काय झालें तें कळल्यावांचून दुसऱ्यानें पैसे देऊं नयेत.

ह्याच नियमाची एक गोड बाजूहि आहे. ज्यांनीं खुर्च्या अडवून ठेविल्या पण ठरल्या वेळांत पैसे दिले नाहींत, त्यांच्या खुर्च्या पुन्हां मोकळ्या होतात. म्हणून 'सर्व जागा भरल्या' असें दिसलें तरी लगेच उठूं नये. दहापंधरा मिनिटांनीं पुन्हां एकदां डोकावून पाहावें. सहा खुर्च्या सलग मिळत नसतील तर चार व दोन अशा मागून पाहाव्या. आमच्याकडे कोणास पुढें बसवावयाचें तें ठरलेलेंच होतें, आणि तें आधीं ठरलेलें असावें हेंच बरें.

तिसरें दार : पैसा

येथें खरी कसोटी लागते, कारण घड्याळ चालूं असतें. पैसे अडकण्याचीं कारणें बहुधा साधीं असतात. कार्ड वडिलांचें, आणि बँकेकडून येणारा ओटीपी वडिलांच्या फोनवर. वडील मात्र फोन बाहेर ठेवून देवपूजेस बसलेले! किंवा कार्ड वर्षानुवर्षें कपाटांत पडलेलें. ज्या कार्डावरून इंटरनेटवर एकदांहि व्यवहार झाला नाहीं, त्याची ती सोय बंद ठेवण्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं बँकांस आज्ञा दिली. ती सोय आपण स्वतः बँकेच्या ॲपमधून सुरू करावी लागते. नवा फोन घेऊन त्यावर यूपीआय नुकतेंच सुरू केलें असेल तर पहिल्या चोवीस तासांत सामान्यतः पांच हजार रुपयांपलीकडे रक्कम जात नाहीं. हीं कारणें आदल्या दिवशीं पाहिलीं तर निवारतां येतात; दहा वाजून दोन मिनिटांनीं येत नाहींत.

पण पैसे गेले आणि तिकीट आलें नाहीं तर? अशा वेळीं दुसरें बटण दाबूं नये. प्रथम फोनवरील आपल्या खात्यांत 'माझीं बुकिंगें' ह्या सदराखालीं पाहावें. मग ईमेल, आणि ईमेलमधील नकोशा पत्रांची टोपलीहि पाहावी. यूपीआयचा व्यवहार 'प्रलंबित' दाखवीत असेल तर थांबावें. व्यवहाराचा बारा आंकडी संदर्भ क्रमांक, रक्कम व वेळ वहींत उतरून घ्यावी. पडद्याचें चित्र घ्यावें.

ह्या बाबतींत ग्राहक निराधार नाहीं. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें रिझर्व्ह बँकेनें असें ठरविलें कीं, खात्यांतून रक्कम गेली पण विक्रेत्यास ती पोंचल्याची खात्री झाली नाहीं, तर व्यवहाराच्या दिवसापासून पांच दिवसांच्या आंत ती आपोआप परत यावी. त्यापुढें होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या विलंबाबद्दल ग्राहकास शंभर रुपये द्यावे. तेवढ्या मुदतींत पैसे न आल्यास प्रथम त्याच ॲपमधून व आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद लागली नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें, आणि त्यास शुल्क पडत नाहीं. विक्रेत्याविरुद्ध गाऱ्हाणें असेल तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा १९१५ हा क्रमांक आहे.

मात्र घाबरलेल्या माणसाच्या पाठीस लबाड लागतात, हें विसरूं नये. तक्रारीचा फोन क्रमांक इंटरनेटवर शोधूं गेल्यास कित्येकदां भामट्यांनींच पेरलेला क्रमांक हातीं येतो. तो गोड बोलून म्हणतो, 'पैसे परत देतों, एवढा पिन घाला.' पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यास. हें वाक्य घरांतील वृद्धांस व मुलांस आवर्जून सांगावें. फसगत झालीच तर क्षणाचाहि विलंब न लावतां बँकेस व १९३० ह्या क्रमांकास कळवावें. तिऱ्हाइताकडून चढ्या भावानें तिकीट घेण्याचा मोहहि टाळावा. उपरिनिर्दिष्ट कोल्डप्लेच्या जलशाचीं तिकिटें मुळांत अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होतीं. तीं बाहेर लाखांच्या भावानें मांडलीं गेलीं, आणि त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें दाराशीं गेल्यावांचून कळण्याचा मार्ग नव्हता.

चौथें दार : तिकीट

तिकीट आलें म्हणून निश्चिंत होऊं नये. त्यावरील चौकोनी ठिपक्यांची खूण एकदांच चालते. तिचें चित्र हौसेनें नातेवाइकांच्या मंडळांत टाकलें, आणि तें भलत्याच्या हातीं पडून तो आधीं आंत गेला, तर खरा धनी बाहेर उभा राहतो. कांहीं ठिकाणीं ही खूण क्षणाक्षणाला बदलते. तेथें चित्र घेऊन ठेवून उपयोग नाहीं, ॲपच उघडावें लागतें. गर्दीच्या मैदानांत इंटरनेट मिळेलच असें नाहीं, म्हणून तिकीट घरूनच उतरवून घ्यावें; फोन पुरता भारून घ्यावा. दिनांक, वेळ आणि नाट्यगृहाचें नांव पुन्हां वाचावें. खेळ रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण सेवाशुल्क बहुधा मिळत नाहीं, हेंहि आधीं वाचलेलें बरें.

आतां आमच्या घरच्या नाटकाचा शेवटचा अंक. त्या रविवारीं दुपारीं जेवणें झाल्यावर सूनबाईंनीं सहज 'माझीं बुकिंगें' उघडून पाहिलें, तों तिसऱ्या रांगेंतील सहाहि तिकिटें तेथें शांतपणें बसलेलीं! चिरंजीवाचा दुसरा व्यवहार पुरा झाला होता. निरोप तेवढा पोंचला नव्हता. पहिली रक्कम चौथ्या दिवशीं बँकेंत परत आली. चौदाव्या रांगेंतील तिकिटें परत होण्यासारखीं नव्हतीं. तीं शेजारच्या बिऱ्हाडास दिलीं, आणि आत्याबाईंच्या वाढदिवसास बारा माणसें गेलीं.

परतीच्या वाटेवर आत्याबाई आम्हांस म्हणाल्या, "नाटक छान झालें रे. पण एक सांग, उद्यां मला एकटीला जावेंसें वाटलें तर मी तिकीट कसें काढूं?" आम्हांस उत्तर सुचेना. ज्यांनीं लहानपणीं आमचा हात धरून आम्हांस खिडकीपाशीं नेलें, त्यांच्यासाठीं ती खिडकी आम्हीं नकळत बंद केली होती. पुष्कळ नाट्यगृहांत आजहि खिडकीवर तिकीट मिळतें. तें त्यांस सांगावयाचेंहि आम्हांस सुचलें नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं सूनबाईंनीं त्यांस जवळ बसवून फोनवर खुर्ची कशी निवडावी तें दाखविलें. आत्याबाईंनीं चष्मा पुसला, प्लॅन नीट न्याहाळला आणि पुढच्या महिन्यांतील एका खेळासाठीं दुसऱ्या रांगेंतील एका खुर्चीवर स्वतः बोट ठेविलें.