आडनाव वेगळे, पूर्वज एकच

समजा, तुमच्यासमोर कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या एका जुन्या चर्चची नोंदवही आहे. तीत एकाच जोडप्याच्या चार मुलींच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी सापडतात. चौघींचेही पहिले नाव मारी! लिहिणाऱ्याची चूक झाली असेल का?

चूक नाही, ती तिथली प्रथाच होती. फ्रेंच कॅथलिक कुटुंबांत मुलीला मारी आणि मुलाला जोसेफ हे नाव बहुधा आधी लावत. पुढे अनेकदा धर्ममातेचे किंवा धर्मपित्याचे नाव येई आणि शेवटी हाक मारण्याचे. त्यामुळे पूर्वज शोधताना पहिल्या नावावर विसंबून चालत नाही.

मग आडनावावर विसंबावे का? तिथेही अडचण आहे. अनेक घराण्यांना दोन आडनावे होती. त्यांच्यामध्ये 'दी' हा शब्द लिहीत. त्याचा अर्थ आपल्या 'ऊर्फ'सारखा. उदाहरणार्थ, 'युदों दी बोल्यू'. १६६५ मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या सैनिकांना टोपणनावे असत: 'लाफ्लर' म्हणजे फूल, 'सांसुसी' म्हणजे बेफिकीर. त्यांतले सुमारे चारशे सैनिक तिथेच स्थायिक झाले आणि त्यांची टोपणनावेही राहिली. काही पिढ्यांनंतर एका शाखेने पहिले आडनाव ठेवले, दुसरीने 'ऊर्फ'नंतरचे. एकाच माणसाचे वंशज अशा रीतीने दोन आडनावांत विभागले गेले. पुढे कामासाठी अमेरिकेत गेलेल्यांपैकी काहींनी तर आडनावाचे भाषांतरच केले. 'ब्वाव्हेर'चे झाले 'ग्रीनवुड'!

या गुंत्यातून वाट दाखवतात त्या विवाहाच्या नोंदी. पहिल्या लग्नाच्या नोंदीत पाद्री सहसा वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे लिहीत. शिवाय लग्नानंतरही स्त्रीची नोंद माहेरच्या आडनावानेच होई, त्यामुळे आईकडचा धागा तुटत नसे. एका लग्नावरून मागच्या पिढीतली दोन लग्ने सापडतात, त्यांवरून चार. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदींची दुसरी प्रत न्यायालयात ठेवली जाई. म्हणून चर्च जळाले तरी माहिती उरे. १९६६ पासून माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा नोंदी जोडून जुन्या क्युबेकमधली कुटुंबे पुन्हा उभी केली.

या खटाटोपाचा उपयोग काय? क्युबेकच्या सागने भागात टायरोसिनिमिया हा आनुवंशिक रोग फार आढळतो: सुमारे १,८५० जन्मांमागे एक बालक. यात एका विकराच्या अभावामुळे बाळाचे यकृत बिघडते. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. इथे जवळच्या नात्यातली लग्ने फार होत असावीत, असा समज पसरला होता. वंशावळी जोडल्यावर दिसले की अशा लग्नांचे प्रमाण इतर भागांपेक्षा जास्त नव्हते. मूळ वसाहतवाल्यांपैकी मोजक्या लोकांबरोबर आलेले सदोष जनुक वेगवेगळ्या आडनावांच्या कुटुंबांत पसरले होते. आडनावे भिन्न असलेल्या आईवडिलांनाही ते एकाच दूरच्या पूर्वजाकडून मिळालेले असू शकते. दोष त्यांच्या लग्नाचा नव्हता.

क्युबेकमध्ये १९७० पासून प्रत्येक नवजात बालकाची या रोगासाठी तपासणी होते. १९९० च्या दशकात औषध मिळाले. ते वेळीच सुरू केले आणि आहार सांभाळला, तर पूर्वी दगावणारी मुले आता वाढतात.

वर्गात मुलांकडून एक गणित करून घ्या. दोन पालक, चार आजीआजोबा, आठ पणजी-पणजोबा... बाराव्या पिढीला किती? ४,०९६. फ्रेंच राजवटीत क्युबेकमध्ये येऊन वंश मागे ठेवणारे लोक मात्र सारे मिळून सुमारे दहा हजार होते. मग आजच्या दोन अनोळखी क्युबेकवासीयांचे पूर्वज पूर्णपणे वेगळे असतील का? मुलांना उत्तर स्वतःच शोधू द्या.