जुन्या छोट्या गाडीला टायर निवडताना

मंडळी, आज आपण ज्या गाडीबद्दल बोलणार आहोत ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगणात उभी असेल. मारुती ८००, जुनी अल्टो, नाहीतर पहिली वॅगन-आर. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, पण बारामती-इंदापूर पट्ट्यात ती अजून बंद झालेली नाही. बँकेत, दवाखान्यात, कारखान्यावर, लग्नाला तीच जाते. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतात आणि पुन्हा चालवतात. त्यात गैर काही नाही. पण अशा गाडीवर खर्च करायची वेळ आली की पहिली काटकसर टायरवर होते. गाडीचीच किंमत पाऊण लाख, तिला पंधरा हजारांचे टायर कशाला, असा तो हिशेब. हा हिशेब आपण जरा उलगडून पाहू.

आपल्या भागातल्या या गाड्या चालतात कमी आणि उभ्या राहतात जास्त. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर. त्यामुळे नक्षी घासतच नाही. आठ वर्षांचा टायर वरून नवा दिसतो आणि मालक म्हणतो, "अजून भरपूर बटन आहे की!" पण रबर नुसतं चालून संपत नाही, ते वयानेही संपतं. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता यांनी ते कडक होतं, बाजूला केसासारख्या बारीक चिरा पडतात. आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटू लागते, आणि ते बाहेरून दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीला टेकतो, अंगणात बाभळीची विरळ सावली असते, आणि एका बाजूचे दोन टायर दिवसभर उन्हात भाजत असतात. म्हणून आपल्याकडे टायर बघताना आधी वय बघायचं, नक्षी नंतर.

वय कसं बघायचं? टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं असतात आणि त्या ओळीच्या शेवटी एका लंबगोलात चार आकडे. २३१९ असं लिहिलेलं असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनची सुरुवात. हे आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतल्या बाजूने बघावं लागतं. बहुतेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसो, काढून टाका. आमचं मत विचाराल तर इथल्या उन्हात दहापर्यंत थांबूच नये, सहा-सात पुरे. नवा टायर घेतानाही हे आकडे दुकानातच वाचा. बारा इंची टायर आता कमी खपतो, त्यामुळे रॅकवर दोन-तीन वर्षं पडलेला माल निघू शकतो. सहा महिन्यांचा असेल तर हरकत नाही. तीन वर्षांचा असेल तर दुसरा मागवायला सांगा. यात लाजायचं कारण नाही, आपण भाजीसुद्धा निवडून घेतो.

आता मापाकडे येऊ, कारण खरा घोळ तिथं होतो. ८०० चं माप १४५/७० आर १२. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल आणि १२ म्हणजे रिमचा व्यास इंचात. जुन्या अल्टोचं माप १४५/८० आर १२. रिम तीच, रुंदी तीच, फक्त सत्तरच्या जागी ऐंशी. दुकानात अल्टोचा टायर पटकन मिळतो, ८०० चा मागवावा लागतो. मग सांगतात, "हाच बसवा, बारा इंचीच आहे, गाडी जरा उंच होईल, खड्ड्यात बरं."

हिशेब करू या. ८०० चा टायर उंचीला साधारण ५०८ मिलिमीटर भरतो, अल्टोचा ५३७. फरक २९ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा टक्के. गाडी उंच होते हे खरं, पण त्याच्या निम्मीच, जेमतेम दीड सेंटीमीटर. त्या बदल्यात काय काय जातं ते बघा. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६३ ने पळत असते. चाक मोठं झाल्यामुळे छोट्या इंजिनाची ओढ कमी होते. आणि पाच माणसं बसवून वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डला घासण्याची भीती. बाहेरच्या व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण संकेत आहे, हा त्याच्या दुप्पट होतो. चार दिवस थांबा, पण बरोबर माप घ्या.

मापापुढे ६९एस किंवा ७४टी असं काही असतं. ६९ म्हणजे एका टायरवर ३२५ किलो भार, ७४ म्हणजे ३७५ किलो. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०. वेगाची काळजी आपल्या गाडीला नाही, ती तेवढी पळणारच नाही. भाराचा आकडा मात्र कंपनीने दिलाय त्याहून कमी चालत नाही, कारण मागच्या सीटवर चौघं आणि डिकीत गव्हाचं पोतं ही आपली रीत. टायरवर आयएसआय खूणही हवी.

जुनं म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या टायरबद्दल थोडं कडक बोलतो. गोटा झालेल्या टायरला खाचा कोरून, वर काळं पॉलिश मारून विकतात. खाच कोरली म्हणजे रबर वाढत नाही, उलट तळाशी उरलेला पातळ थर आणखी पातळ होतो. ओळखायचं कसं? मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे आडवे उंचवटे असतात. १.६ मिलिमीटर नक्षी उरली की ते वरच्या पातळीला येतात. हे उंचवटे कुठं दिसतच नसतील, किंवा कापलेले दिसत असतील, तर तो टायर तिथंच ठेवून या. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्याचा मोह आणखी कमी व्हायला हवा.

हे सगळं महत्त्वाचं का? गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने टायर बसला तर आपण उतरतो, स्टेपनी लावतो. पण हीच गाडी मे महिन्यात भिगवणला पुणे-सोलापूर महामार्गाला लागते, आत घरची सगळी माणसं, नव्वदचा वेग. टायर म्हातारा आणि हवा कमी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, दबला की तापतो, तापला की आतले थर सुटतात. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली ती याच भीतीने.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत आकडा असतो, तोच धरायचा. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पौंडाने वाढतो. म्हणून दुपारी पंपावर "जास्त दिसतेय" म्हणून हवा काढली की सकाळी ती कमी भरते.

मघाशी एकांनी विचारलं, दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे पुढं लावू का? इंजिन पुढं, ओढ पुढं, म्हणून सगळे पुढंच लावतात. नवे मागं लावा. नोव्हेंबर ते मार्च उसाचे ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरावर आणतात. त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय सोडला की बहुधा सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं आपल्यासारख्या रोजच्या चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. एका एक्सलवर मात्र दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकाच नक्षीचे हवेत.

दुसरा प्रश्न ट्यूबलेसचा. जुनी रिम ट्यूबची असेल तर तिच्यावर नुसता ट्यूबलेस टायर बसवू नका. ट्यूबलेसच्या रिमला आतून एक उठाव असतो, तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. जुन्या रिमला तो नसू शकतो. रिम कडेला गंजली असेल तर हवा हळूहळू गळत राहते. अशा वेळी ट्यूबचाच टायर घ्या, ट्यूब नवी घाला, आणि काढलेल्या चार टायरांतला वयाने सर्वात लहान असेल तो स्टेपनीला ठेवा. आधीच्या स्टेपनीचेही चार आकडे वाचा. ती गाडीबरोबर आलेली असेल, तर ती आजवर एकदाही रस्त्याला लागली नसली तरी तिचं वय गाडीएवढंच आहे.