आठवणींच्या वहीत उपदेशाचं पान

पूर्वी पुस्तकांच्या प्रदर्शनात आत्मचरित्रांचं टेबल वेगळं असे आणि ‘यशस्वी कसे व्हावे’ छापाच्या पुस्तकांचं वेगळं. एका टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवलेली निवृत्त मंडळी, दुसऱ्यापाशी स्पर्धा परीक्षांची मुलं. हल्ली ही दोन्ही टेबलं एकमेकांना खेटून मांडलेली दिसतात आणि नेमकी सीमेवर ठेवलेली पुस्तकं हातोहात जातात. कुणा उद्योजकाची कहाणी असते आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी चौकटीत ‘यातून काय शिकाल?’ असतं. कुणी आजारातून उठलेलं असतं, कुणी कर्जातून, कुणी मोडलेल्या संसारातून. आणि स्वतः उठून बसल्याबरोबर त्यांनी इतरांना उठवायला घेतलेलं असतं.

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतली मंडळी आपापल्या आठवणींच्या वह्या घेऊन येतात. “ताई, एकदा नजर टाका, शंभरेक प्रती काढून नातेवाइकांत वाटायच्यात.” अशा वह्या वाचायला मला मनापासून आवडतं. पण अलीकडे ती चौकट या वह्यांतही शिरली आहे. पन्नास-साठ पानं गावची नदी, आजीची चूल, पहिली सायकल असं सगळं छान चाललेलं असतं. मग अचानक ‘मुलांनो!’ अशी हाक येते आणि पुढली वीस पानं पहाटे उठण्याचे फायदे!

उपदेशाचं मला वावडं नाही. दासबोधाची पारायणं होणाऱ्या घरात मी वाढले. माझी तक्रार निराळी आहे. आठवणीतून धडा काढायचा ठरला, की ती आठवण आवरून घ्यावी लागते. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो ना, तशीच. मग नको ते आतल्या खोलीत ढकललं जातं. आणि आजवर पाहिलेल्या वह्यांवरून सांगते, त्या आतल्या खोलीत सगळ्यात आधी जातात ती माणसं. ज्यांच्या जिवावर आपलं बरं झालं, ती.

हा प्रकार काही आजचा नव्हे. सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ साली निघालं. त्याचं मूळ लीड्समधल्या कामगार तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांत होतं आणि त्यात थोरामोठ्यांच्या चरित्रातले प्रसंग उपदेशासाठी ओळीनं मांडलेले होते. त्याच्याही आधी बेंजामिन फ्रँकलिननं आपलं आत्मचरित्र १७७१ साली लिहायला घेतलं ते मुलाला उद्देशून पत्राच्या रूपात. पुढच्या भागात त्यानं तेरा सद्‌गुणांची यादी केली आणि चुकलं त्या दिवशी ठिपका मांडायचा, असा तक्ता आखला. आजच्या सवयी लावणाऱ्या सगळ्या डायऱ्यांचा तो पणजोबा! गंमत म्हणजे नीटनेटकेपणा आपल्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे त्यानंच लिहून ठेवलंय, म्हणून तो आवडतो. पण ज्या मुलासाठी सुरुवात केली तो विल्यम, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं उभा राहिला. बापलेकांचं पुन्हा कधी जमलं नाही. पुढचा भाग लिहिला गेला १७८४ मध्ये, तो मुलासाठी नव्हे, सर्व लोकांसाठी.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. महर्षी कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झालं. सहावीच्या परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून घाट चढून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला जाणं, आणि तिथे ‘वयानं लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेलाच बसू न देणं, ही हकिकत शाळेत आपण सर्वांनी ऐकली आहे. आजच्या कुठल्याही लेखकाला मिळाली, तर तो तिच्यावर ‘अपयश ही पहिली पायरी’ असं आख्खं प्रकरण रचील. कर्वे तसं काही करत नाहीत, हा त्यांचा स्वभाव. पण वाचणारा तरी स्वस्थ बसतो का? ध्येयासाठी सर्वस्व द्यावं, हा धडा तो आपणहून काढतोच.

आता त्याच घरातलं दुसरं पुस्तक घ्या. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’, १९४४ सालचं. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. विधवा असताना तिनं १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी घातलेला बहिष्कार, संस्थेपायी घराची होणारी ओढाताण, आणि ती भरून काढण्यासाठी बाईनं केलेले उद्योग, हे सगळं तिच्या रोखठोक बोलीत आलंय. ‘सर्वस्व द्यावं’ हा धडा या पुस्तकाशेजारी ठेवून पाहा. सर्वस्वातलं निम्मं कुणाचं होतं, ते लगेच कळतं. कर्व्यांची थोरवी यानं तसूभरही कमी होत नाही. उलट ती थोरवी काय भावात पडली, याचा हिशेब मिळतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, सुनीताबाई देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ हीसुद्धा अशाच हिशेबाची पुस्तकं. मराठी घराघरांत ती वाचली गेली, त्याला हेही कारण असावं.

गांधीजींनी हा पेच वेगळ्या रीतीनं सोडवला. ‘सत्याचे प्रयोग’ हे त्यांनी १९२५ पासून ‘नवजीवन’मध्ये हप्त्याहप्त्यानं लिहिलं, आणि नावातच ‘प्रयोग’ म्हटलं. प्रयोग फसतो तेव्हा तोही नोंदवायचा असतो. म्हणूनच दरबानच्या घरात कारकुनाचं शौचपात्र साफ करण्यावरून कस्तुरबांशी झालेलं भांडण आणि त्यांना हाताला धरून फाटकाबाहेर घालायला निघालेला नवरा, हे दोन्ही त्या पुस्तकात आहेत. सेवाभाव शिकवू पाहणाऱ्या कुणीही हा प्रसंग गाळला असता. धडाच बिघडतो ना त्यानं! गांधींनी तो ठेवला, आणि मला वाटतं, वाचणाऱ्याचा विश्वास बसतो तो अशाच पानांमुळे.

हा विश्वास मोडला तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. जेम्स फ्रे नावाच्या लेखकाचं व्यसनमुक्तीची आपबीती सांगणारं ‘अ मिलियन लिटल पीसेस’ २००३ मध्ये आलं. ओप्रा विन्फ्रीनं २००५ साली ते आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात उचलून धरलं आणि लाखोंनी खपलं. २००६ च्या जानेवारीत कुणीतरी पोलिसांच्या नोंदी तपासल्या. पुस्तकात सत्त्याऐंशी दिवसांचा तुरुंगवास होता, प्रत्यक्षात काही तासांचा! प्रकाशकाला पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. लेखक थोडं फार मीठमसाला लावतात, त्यात एवढं काय, असं तेव्हाही काहीजण म्हणाले. कादंबरी म्हणून आलं असतं तर माझंही तेच मत असतं. पण हा गृहस्थ सांगत होता की मदतगटाच्या वाटेनं न जाता मी मनोबळावर सुटलो. ज्या घरात नवरा किंवा मुलगा पितो, त्या घरात असं वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचलं जातं. चिठ्ठीवर खोटं लिहिण्याला मीठमसाला म्हणत नाहीत.

मग अनुभवातून सल्ला देऊच नये की काय? द्यावा की. डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ पाहा. गडचिरोलीत आरोग्याचं काम करणाऱ्या या डॉक्टरांना १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. २००० मध्ये आलेल्या त्या पुस्तकात आहार आहे, व्यायाम आहे, ताण आहे, ध्यान आहे. सल्ला म्हणावा तर भरपूर आहे. पण तो एका रोग्याच्या तोंडून येतो. काय झालं, काय वाचलं, काय करून पाहिलं, या क्रमानं येतो. त्यामुळे वाचणारा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन चार प्रश्न विचारू शकतो. दारू सोडलेल्यांच्या बैठकांतही हीच पद्धत आहे. तिथे उठून बोलणारा ‘तू असं कर’ म्हणत नाही, ‘माझं असं झालं’ एवढंच सांगतो. ‘तू’पेक्षा ‘मी’ म्हणणं अवघड असतं, हे वह्या वाचताना मला पदोपदी जाणवतं.

त्यातल्या एका वहीबद्दल सांगते. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मूळचे माणदेशातले. वहीचं नाव ‘स्वबळावर’. १९७२ च्या दुष्काळाची पानं तर अशी, की वाचताना घशाला कोरड पडावी. आई दुष्काळी कामावर खडी फोडते, पोरं सुकडीच्या रांगेत उभी राहतात, घरात लाल मिलोच्या भाकरी. हे बारा वर्षांचे. पुढच्या पानावर थेट तालुक्याची शाळा, मॅट्रिक, नोकरी, आणि ‘युवकांनो, कष्टाला पर्याय नाही.’

मी विचारलं, “अहो, पण मधली चार वर्षं फी कुणी भरली? तालुक्याला राहायचात कुठं?”

ते बराच वेळ वहीच्या कडा सारख्या करत बसले. मग म्हणाले, “दादानं. नववीतनं शाळा सोडली त्यानं. माझ्यापेक्षा हुशार होता, ताई. गणितात तर फारच.”

“मग हे वहीत का नाही?”

“ते लिहिलं, तर ‘स्वबळावर’ कसं म्हणायचं?”

दादा गावीच असतात. वाटणीवरून दोघांत अंतर पडलं होतं, हे मला नंतर कळलं. या वहीच्या शंभर प्रती छापल्या जाणार, नातवंडं ती वाचणार, आणि त्या घराच्या इतिहासात थोरला भाऊ कुठे असणारच नाही, या विचारानं मी अस्वस्थ झाले. तसं बोललेही. ते काही न बोलता वही घेऊन गेले. दोन महिन्यांनी आले ते नऊ नवी पानं घेऊन. दादानं शाळेचं दप्तर कुणाला दिलं, कुणाच्या विहिरीवर सालानं राहिला, दर महिन्याला किती रुपये पाठवले, सगळं आकड्यांनिशी. पोस्टातला माणूस, मनिऑर्डरींचे आकडे चुकतील कसे! नाव मात्र बदललं नव्हतं. ‘युवकांनो’सुद्धा तसंच होतं. “राहू द्या,” म्हणाले, “नात म्हणते, शेवटी काहीतरी सांगायला लागतंच.”

मीही मग हट्ट धरला नाही. घरासाठी लिहिणाऱ्या कुणाचंही उपदेशाचं प्रकरण मी आता खोडत नाही, फक्त मागे नेऊन ठेवते. आधी मागते ते आकडे. फी किती होती, खोलीचं भाडं किती, पैसे कुणाकडून आले, आणि त्यानं त्यापायी काय सोडलं. निम्म्या वह्यांत या प्रश्नांपाशी एखादी वहिनी, मावशी, नाहीतर मोठी बहीण उभी असते.

पुस्तक छापून झालं, तेव्हा त्यांनी पहिली प्रत गावी पाठवली. पंधरा दिवसांनी दादांचा फोन आला. पुस्तक कसं वाटलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, बावन्नाव्या पानावर चुकलंय. आई खडी फोडायची ती रस्त्याच्या कामावर नव्हे, पाझर तलावाच्या. आणि सुकडी मुकादम वाटत नव्हता, शाळेतले मास्तर वाटायचे.